अंधाराची आवड (ख्रिस्ती धर्मविचार)

दुष्कृत्य आडोसा का शोधते, याविषयीचा ख्रिस्ती विचार. त्याचा मुख्य आधार बायबलमधील योहानाच्या शुभवर्तमानाचा (येशूचे जीवन सांगणाऱ्या ग्रंथाचा) तिसरा अध्याय (वचने १९ ते २१). जगात प्रकाश आला, पण माणसांना अंधारच आवडला, कारण त्यांची कृत्ये दुष्ट होती. वाईट करणारा आपले पितळ उघडे पडेल म्हणून उजेडाकडे फिरकत नाही, असे तिथे म्हटले आहे.

सातारा-सांगलीकडच्या वाचकाला उदाहरणासाठी लांब जायला नको. नदीपात्रातून चोरून उपसलेली वाळू रात्रीच निघते. दिवे मालवलेला डंपर, नंबरप्लेटवर थापलेला ओला चिखल. हे बरोबर नाही, असे त्या चालकाला कुणी सांगावे लागत नाही; चिखल थापणारा हातच ते कबूल करतो. ख्रिस्ती विचाराचा भर नेमका इथे आहे: लपणाऱ्याला उजेड ठाऊक असतो, म्हणून तो लपतो.

बायबलच्या पहिल्या, उत्पत्तीच्या पुस्तकात मना केलेले फळ खाल्ल्यावर आदाम आणि हव्वा झाडांआड दडतात. देव हाक मारतो, ‘तू कोठे आहेस?’ देवाला ठिकाण माहीत नव्हते असे कसे म्हणावे? ती हाक दडलेल्याला बाहेर यायला वाट करून देते. उजेडाचे काम चोर पकडण्यापुरतेच धरले, तर हा अर्थ हातचा जातो.

झाकलेले सगळेच पाप नव्हे. बैलबाजारात रुमालाखाली बोटे धरून सौदा ठरतो, त्यात खोट असतेच असे नाही. दान गुप्तपणे द्या, दार लावून प्रार्थना करा, असे येशूच सांगतो (मत्तयाचे शुभवर्तमान, अध्याय ६). निकदेम हा यहुदी पुढारी येशूकडे आला तोही रात्री, आणि प्रकाशाची वरची वचने येतात ती त्याच भेटीच्या प्रसंगात. पुढे येशूच्या दफनाच्या वेळी हाच निकदेम गंधरस आणि अगरू ही प्रेताला लावायची सुगंधी द्रव्ये घेऊन पुढे होतो. अशा बिचकत येणाऱ्यांचा विचार साताऱ्यातही झाला: रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये तिथे ‘देवाचा दरबार’ हा येशूभक्तांचा मेळा सुरू केला, त्यात बाप्तिस्मा (ख्रिस्ती दीक्षाविधी) न घेतलेल्या येशूभक्तांनाही जागा होती.

पापकबुलीची प्रथा याच विचारातली. अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांत उपासनेच्या वेळी सगळे मिळून कबुली देतात. कॅथलिक परंपरेत ती एकट्याने धर्मगुरूसमोर द्यायची असते. तिथे ऐकलेले कुणालाही सांगायला धर्मगुरूला सक्त मनाई आहे.