पार्श्वभूमी : निगडीचा फोक आणि शेजारचा दाताचा डॉक्टर

अमेरिकेतला स्टँड-अप कॉमेडियन पोराबाळांवर बोलायला लागला की दोन मिनिटांत पैसा, वस्ती आणि कातडीचा रंग हे विषय निघतातच. हे एकाएकी झालेलं नाही.

कृष्णवर्णीय विनोदवीरांना बराच काळ आपल्याच लोकांची थिएटरं होती, त्यांना ‘चिटलिन सर्किट’ म्हणत. वंशभेदाची टिंगल तिथे मनमुराद चाले, पण घरातल्या घरात. जानेवारी १९६१ मध्ये डिक ग्रेगरी शिकागोच्या प्लेबॉय क्लबात बदली कलाकार म्हणून उभा राहिला. समोर दक्षिणेकडचे गोरे व्यापारी होते. त्यांच्या तोंडावर त्याने वंशभेदाची टर उडवली, ते हसले आणि एका रात्रीचं काम लांबत गेलं. पुढे टीव्हीवरच्या ‘टुनाइट शो’ या गप्पांच्या कार्यक्रमाचं बोलावणं आलं तेव्हा त्याची अट एकच होती : गोऱ्या कलाकारांसारखं मलाही नंतर सोफ्यावर बसवून बोला.

घर मंचावर आणलं ते रिचर्ड प्रायरने. तो इलिनॉयमधल्या पिओरिया गावात आजीच्या कुंटणखान्यात वाढला. त्याच्या मंचावरच्या कार्यक्रमाच्या १९७९ च्या चित्रपटात आजी त्याला स्वतःच्या पाठीसाठी फांदी तोडून आणायला पाठवते. आपल्याकडचा निगडीचा फोकच म्हणा. परत येताना तो फोक हवेत सपकन वाजतो आणि मार बसायच्या आधीच पोरगं रडायला लागतं. सभागृह हसतं, कारण फोक बहुतेकांनी खाल्लेला असतो. इथे बोलतं ते पोर.

बाप बोलू लागला तो बिल कॉस्बीच्या १९८३ च्या कार्यक्रमात. मुलांना नाश्त्याला चॉकलेट केक देणारा हा बाप कोणत्याही रंगाचा असता तरी चाललं असतं. कॉस्बीला तेच हवं होतं. (त्याच्यावरचे लैंगिक अत्याचाराचे आरोप कळल्यावर तो बाप आता बघवत नाही.)

ख्रिस रॉकने रंग परत आणला, सोबत हिशेबही. तो ब्रुकलिनचा, लहानपणी बसने गोऱ्यांच्या शाळेत जायचा. २००८ मध्ये तो सांगतो : न्यू जर्सीतल्या आमच्या श्रीमंत वस्तीत काळे चौघंच. गायिका मेरी जे. ब्लाइज, रॅपर जे-झी, नट एडी मर्फी आणि मी. आणि शेजारचा गोरा कोण? दाताचा डॉक्टर. तोही काही जगातला नंबर एक वगैरे नव्हे, नुसता दाताचा डॉक्टर! वर्गभेदावरचं याहून नेमकं भाष्य मी मंचावर ऐकलेलं नाही. २०१८ मध्ये हाच रॉक घटस्फोट आणि मुलींच्या ताब्याबद्दल बोलला, तेव्हा आवाज बराच खाली आला होता.

आई यायला मात्र उशीर झाला. २०१६ मध्ये आलेल्या कार्यक्रमात कॉमेडियन ॲली वाँग साडेसात महिन्यांची गरोदर असताना आखूड, घट्ट पट्ट्यापट्ट्यांचा ड्रेस घालून उभी राहिली. आई व्हिएतनामी, वडील चिनी वंशाचे. हार्वर्डचा एमबीए नवरा पटकावला, आता घरी बसून खायचं, असा तिचा बेत. लग्नानंतर कळलं की साहेबांवर सत्तर हजार डॉलरचं शैक्षणिक कर्ज आहे. ते फेडलं तिनेच, विनोद सांगून.