परसातील कोंबडी (उष्ण हवामानातील जातीची निवड)

परसातील कोंबडी : घराच्या मागील अंगणात, गोठ्याच्या आश्रयाने किंवा वाडीत मोकळी सोडलेली, दिवसा स्वतः दाणापाणी टिपणारी व तिन्हीसांजेला खुराड्यात परतणारी कोंबडी. देशावर तिला गावरान, तर कोकणात व गोव्यात गावठी म्हणतात. पण ही जातीची नावे नव्हेत. पिंजऱ्यातल्या किंवा गादी पद्धतीतल्या (बंद घरात भुशाच्या थरावर पाळलेल्या) कोंबडीकडून अंड्यांची संख्या मागितली जाते. परसातल्या कोंबडीने मात्र वैशाखाचे ऊन काढावे, रोगाला सहज बळी पडू नये, लेकराबाळांच्या पायांत वावरावे आणि जमल्यास स्वतःची पिल्लेही काढावीत अशी अपेक्षा असते. या नोंदीत निवडीचा विचार याच अपेक्षांना धरून केला आहे.

उत्पत्ती : पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा (गॅलस गॅलस) होय, हे चार्ल्स डार्विन यांनी 1868 मध्ये मांडलेले मत आजही ग्राह्य आहे. हा पक्षी कोठे व केव्हा माणसाळला याबद्दल मात्र एकमत नाही. जुन्या संदर्भग्रंथांत सिंधू संस्कृतीला हा मान दिलेला आढळतो. मोहें-जो-दडो व हडप्पा येथे सापडलेली हाडे आणि भाजक्या मातीच्या आकृत्या हा त्याचा आधार असून काळ इ. स. पू. सु. 2500–2000 असा धरला जातो. 1988 मध्ये उत्तर चीनमधील हाडांवरून तो इ. स. पू. सु. 6000 पर्यंत मागे नेण्यात आला. परंतु त्यांतील बरीच हाडे फेझंट या कोंबडीसारख्या रानपक्ष्यांची असावीत, असे नंतरच्या तपासणीत दिसून आले.

2020 मध्ये 863 पक्ष्यांच्या जनुकसंचांची तुलना प्रसिद्ध झाली. तीत पाळीव कोंबडीचे सर्वांत जवळचे नाते नैर्ऋत्य चीन, उत्तर थायलंड व म्यानमार या पट्ट्यात आढळणाऱ्या, तांबड्या रानकोंबड्याच्या स्पॅडिसियस या उपजातीशी जुळले आणि दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्याचा काळ सु. 9,500 वर्षांपूर्वीचा निघाला. याउलट 2022 मध्ये 89 देशांतील 600 हून अधिक स्थळांच्या अवशेषांची फेरतपासणी झाली, तेव्हा निःसंशय पाळीव म्हणता येतील अशी सर्वांत जुनी हाडे मध्य थायलंडमधील बान नोन वाट येथील ठरली. त्यांचा काळ इ. स. पू. सु. 1650–1250. दोन्ही आकड्यांत मोठे अंतर दिसते, पण तो खरा विरोध नसावा. वंशशाखा वेगळी होणे आणि पक्षी माणसाच्या अंगणात येणे या दोन निरनिराळ्या घटना आहेत. पिकवलेल्या भात-राळ्यासारख्या धान्याच्या ओढीने रानकोंबडा वस्तीजवळ आला, हे स्पष्टीकरण सध्या अधिक पटणारे आहे. सिंधू खोऱ्यातील हाडे रानटी पक्ष्यांची असण्याची शक्यता त्यामुळे वाढली आहे.

सह्याद्रीत आढळणाऱ्या करड्या रानकोंबड्याचाही (गॅलस सोनेराटी) पाळीव कोंबडीच्या वंशात थोडा वाटा आहे. अनेक जातींच्या पिवळ्या कातडीचा व पायांचा जनुकप्रकार त्याच्याकडून आला, हे 2008 मध्ये सिद्ध झाले.

निवडीच्या दृष्टीने या चर्चेतील एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पूर्वज उष्ण कटिबंधातला असला, तरी तो उघड्या माळावरचा नाही; बांबूची बने, झुडपे आणि रानाची कड येथे तो सावलीने वावरतो. म्हणून उष्णता सोसणारी कोंबडी म्हणजे उन्हात उभी राहणारी कोंबडी, असा अर्थ घेऊ नये. परसात आंबा, शेवगा किंवा निदान वेलाचा मांडव नसेल, तर कोणतीही जात तग धरणार नाही.

उष्णता व शरीररचना : कोंबडीच्या शरीराचे तापमान 41–42° से. असते आणि तिला घामाच्या ग्रंथी नसतात. साधारण 18–24° से. हवेत ती सुखात असते. हवा तापली की ती पंख अंगापासून दूर धरते आणि तुरा, हनुवटीखालची लोंबती कातडी व पाय यांतून उष्णता बाहेर टाकते. एवढ्याने भागले नाही की चोच उघडून धापा टाकू लागते. धापा टाकताना रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होऊन रक्त अल्कधर्मी बनते, कवचासाठी लागणाऱ्या कार्बोनेटाची तूट पडते आणि उन्हाळ्यात पातळ कवचाची अंडी येतात. धापांचा उपयोग हवा कोरडी असेल तरच. विदर्भ-खानदेशात पारा 45° से. वर गेला तरी कोरड्या हवेत वाफ होऊन शरीर थंड होते. कोकणात 35° से. तापमानातही दमटपणामुळे हा मार्ग जवळजवळ बंद होतो. किनारपट्टीसाठी जात निवडताना नुसता तापमानाचा आकडा पाहणे त्यामुळे फसवे ठरते.

यावरून हलके शरीर, मोठा तुरा, पिसे नसलेले पाय आणि विरळ पिसारा ही उष्ण प्रदेशास अनुकूल लक्षणे ठरतात. ब्रह्मा ही जात याचे उलटे उदाहरण होय. तिचे नाव ब्रह्मपुत्रेवरून आले असले, तरी ती भारतीय जात नाही; एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास चीनमधून अमेरिकेत गेलेल्या पक्ष्यांपासून ती तयार झाली असे बहुतेक अभ्यासक मानतात. अवजड देह आणि पायांवर दाट पिसे असलेली ही कोंबडी स्वभावाने अत्यंत गरीब आहे, परंतु ती थंड प्रदेशातच शोभते.

उघड्या मानेचा गुणधर्म : मानेवर पिसे नसलेली कोंबडी अनेकांना विद्रूप वाटते. प्रस्तुत लेखकाच्या मते मात्र उष्ण प्रदेशासाठी तिच्याइतका विचार करण्याजोगा दुसरा गुणधर्म नाही. तो एकाच अपूर्ण प्रभावी जनुकामुळे येतो. जनुकाची एक प्रत असल्यास एकूण पिसे सु. 20 टक्के, तर दोन प्रती असल्यास सु. 40 टक्के कमी होतात. पिसांवर खर्च होणारी प्रथिने वाचतात व उघड्या कातडीतून उष्णता निघून जाते. 2011 मधील संशोधनानुसार हा बदल तिसऱ्या गुणसूत्रावर असून त्यामुळे बीएमपी12 या प्रथिनाची निर्मिती वाढते आणि पिसांची वाढ दबते. मानेच्या कातडीतील रेटिनॉइक आम्ल हा परिणाम तीव्र करते. म्हणून मानच आधी उघडी पडते.

यूरोपात ही कोंबडी ट्रान्सिल्व्हेनियन नावाने ओळखली जाते. काही लेखक तिचे मूळ आशियात, बहुधा मलायात, मानतात. मेक्सिको, फ्रान्स व हंगेरी येथील नमुन्यांत एकच बदल आढळल्याने हा गुणधर्म एकदाच उद्भवला असावा हे मत बळावले आहे. मात्र तेवढ्याने ट्रान्सिल्व्हेनियाचा दावा सिद्ध होत नाही. भारतात केरळ आणि अंदमान-निकोबार येथे अशा कोंबड्या पूर्वीपासून आहेत. पिसे उलटी वळलेली फ्रिझल कोंबडीही याच कारणाने उपयुक्त ठरते. वळलेल्या पिसांखाली हवेचा उबदार थर टिकत नाही.

स्वभाव : शांत स्वभाव ही केवळ सोय नव्हे. दचकून पळणारी कोंबडी दुपारच्या उन्हात स्वतःच्या हालचालीनेच तापते. व्हाइट लेगहॉर्न आणि इजिप्तची फायूमी या जाती उष्णता उत्तम सोसतात, पण त्या बुजऱ्या असून फारशा खुडूक होत (अंडी उबवायला बसत) नाहीत. असील काटक आहे, तिची मादी उत्तम आई असते. पण झुंजीसाठी शतकानुशतके निवडलेल्या या जातीची पिल्लेही आपसांत रक्तबंबाळ होईपर्यंत भांडतात. मुले व अनेक कोंबडे असलेल्या घरी ती ठेवू नये. ऱ्होड आयलंड रेडच्या माद्या सौम्य व हाताळायला सोप्या असतात, नर कधीकधी अंगावर येतात. ऑस्ट्रेलॉर्प त्याहून गरीब, पण काळी व जड. दाट सावली असेल तरच तिचा विचार करावा.

भारतीय व सुधारित जाती : झाबुआ-अलीराजपूर भागातील कडकनाथला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ती काटक आहे, पण अंडी नीट उबवत नाही. महाराष्ट्र-गुजरात सीमेवरील, विशेषतः नवापूर परिसरातील, बुसरा ही नोंदणीकृत देशी जात आकाराने लहान ते मध्यम असून आदिवासी कुटुंबांनी जपली आहे.

हैदराबाद येथील कुक्कुट संशोधन संस्थेने वनराजा व ग्रामप्रिया, तर बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने गिरिराज हे रंगीत पक्षी परसासाठी विकसित केले. वनराजा शांत आणि वजनदार आहे; वजनामुळेच तिला मुंगूस किंवा घारीपासून चपळाईने निसटता येत नाही. ग्रामप्रिया हलकी व अंड्यांना सरस. इज्जतनगर येथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेच्या चार संकरांत निर्भीकमध्ये असीलचे, श्यामामध्ये कडकनाथचे, उपकारीत फ्रिझलचे आणि हितकारीत उघड्या मानेचे रक्त आहे. ऊन आणि स्वभाव दोन्ही पाहता हितकारी व उपकारी अधिक योग्य वाटतात.

सुधारित पक्ष्यांच्या जाहिरातीत एक उणीव सांगितली जात नाही. अधिक अंड्यांसाठी निवड होताना खुडूक होण्याची प्रवृत्ती कमी झालेली असते. गावरान कोंबडी वर्षाला 50–60 च अंडी देते, पण रवणीला बसते आणि पिल्ले पंखाखाली वाढवते. नुसते सुधारित पक्षी आणणाऱ्या कुटुंबाला दर खेपेस पिल्लांसाठी उबवण केंद्राकडे जावे लागते आणि संकराच्या पुढच्या पिढीत गुण विखुरतात. यासाठी दोन-तीन खुडूक होणाऱ्या गावरान कोंबड्या कळपात राखून त्यांच्याखाली सुधारित अंडी बसवणे हितावह आहे. ऐन उन्हाळ्यात मात्र अंडी बसवू नयेत. साठवणीतच ती खराब होतात.

कोणतीही जात काटक म्हणून मानमोडीपासून (राणीखेत रोगापासून) सुटत नाही. पहिल्या आठवड्यात लासोटा आणि सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास आर2बी ही लस गावरान पिल्लांनाही आवश्यक असते.

ज्यांना गावरान कळप मोडायचा नाही, त्यांनी उघड्या मानेचा एकच कोंबडा आठ-दहा माद्यांमागे सोडावा. त्याच्यात जनुकाची एक प्रत असेल तर सरासरी निम्मी, दोन असतील तर सर्व पिल्ले विरळ पिसांची निघतात. आणि एक प्रत असलेल्या पिल्लाच्या मानेवर पुढच्या बाजूला पिसांचा छोटा झुबका राहत असल्याने ते सहज ओळखता येते.