फर्मवेअर अपडेट : विकून झालेल्या वस्तूवर हात कुणाचा?

'फर्मवेअर' हा शब्द १९६७ साली एका अमेरिकी संगणक मासिकातल्या लेखात पहिल्यांदा आला. तेव्हा त्याचा अर्थ बराच अरुंद होता. प्रोसेसरने एखादी आज्ञा आतल्या आत कशी पार पाडायची हे सांगणाऱ्या सूक्ष्म आज्ञांचा संच, एवढंच त्यातून अभिप्रेत होतं. पुढे वस्तूच्या चिपमध्ये बसवलेला कोणताही कार्यक्रम (प्रोग्रॅम) याच नावाने ओळखला जाऊ लागला. आता तर फोनची अख्खी ऑपरेटिंग सिस्टीम बदलली तरी लोक 'फर्मवेअर आलं' म्हणतात. शब्दातला 'फर्म', म्हणजे घट्टपणा, मात्र कधीच सुटला आहे.

एके काळी तो घट्टपणा खरा होता. चिपमध्ये कारखान्यातच कोरलेला कार्यक्रम बदलायचा तर चिपच बदलावी लागे. सत्तरच्या दशकात काचेची छोटी खिडकी असलेल्या चिप आल्या. त्यांवर अतिनील प्रकाश पाडून मजकूर पुसता येई आणि नवा भरता येई, पण त्यासाठी यंत्र उघडणं भाग होतं. ऐंशीच्या दशकात फ्लॅश मेमरी आली आणि यंत्र न उघडता, विजेच्याच साहाय्याने चिप पुन्हा लिहिता येऊ लागली. साध्या ग्राहकाला याचा पहिला मोठा फायदा मोडेममध्ये, म्हणजे फोनच्या तारेवरून संगणक इंटरनेटला जोडणाऱ्या यंत्रात झाला. ५६ के (सेकंदाला ५६ किलोबिट) वेगासाठी दोन पद्धती एकमेकींशी झगडत होत्या, एका पद्धतीचा मोडेम दुसऱ्या पद्धतीच्या यंत्राशी जोडला तर तो वेग मिळत नसे. १९९८ मध्ये दोन्ही मिटवून एकच मानक ठरलं, तेव्हा आधी विकले गेलेले बरेचसे मोडेम नव्या फर्मवेअरने त्या मानकावर आणता आले.

दार उघडं झालं की नकोसे पाहुणेही आत येतात. २६ एप्रिल १९९९ रोजी जागा झालेल्या एका व्हायरसने अनेक संगणकांच्या मदरबोर्डवरची (मुख्य सर्किट पट्टीवरची) फ्लॅश चिपच खराब केली. ते संगणक सुरूही होईनात. फोन दुरुस्त करणारे अशा अवस्थेला 'सेट डेड झाला' म्हणतात. अपडेट चालू असताना वीज गेली तरी हेच होई. म्हणून पुढे फोनमध्ये सिस्टीमच्या दोन प्रती ठेवण्याची सोय आली : नवी प्रत बिघडली तर यंत्र जुनीवर उभं राहतं.

पण खरा बदल घडला तो यंत्रं कायम इंटरनेटला जोडली गेल्यावर. अपडेट शोधून स्वतः चढवणारा ग्राहक मागे पडला. काय चढवायचं, कधी चढवायचं हे विकणारा ठरवू लागला. या बदलाची सगळ्यात स्पष्ट खूण म्हणजे १ एप्रिल २०१० चं, सोनीच्या प्लेस्टेशन ३ या गेम कन्सोलसाठीचं अपडेट. त्यावर नीट थांबायला हवं, कारण नंतरचे बहुतेक वाद त्याच साच्यातले आहेत.

२००६ मध्ये हा कन्सोल बाजारात आला तेव्हा त्यावर दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे मुख्यतः लिनक्स ही मोफत, खुली सिस्टीम, बसवण्याची अधिकृत सोय होती. विक्री करताना तिचा उल्लेख होत असे. त्यातला प्रोसेसर आकडेमोडीत दमदार असल्यामुळे संशोधकांनी कन्सोल एकमेकांना जोडून स्वस्तातले महासंगणक उभे केले. अमेरिकी हवाई दलाच्या एका प्रयोगशाळेने तर १,७०० हून अधिक कन्सोल वापरले. २०१० च्या सुरुवातीला एका तरुणाने याच सोयीच्या वाटेने यंत्राच्या सुरक्षा कवचाला भगदाड पाडल्याचं जाहीर केलं. त्यानंतर काही आठवड्यांतच सुरक्षेचं कारण देऊन ही सोय काढून टाकणारं अपडेट आलं.

ते अपडेट 'ऐच्छिक' होतं, असं सांगितलं गेलं. वादाचं मूळ नेमकं या शब्दात आहे. नकार देणाऱ्याला कंपनीच्या नेटवर्कवर लॉगिन करता येणार नव्हतं, म्हणजे ऑनलाइन खेळ बंद. नवं फर्मवेअर मागणारे खेळ आणि चित्रपटांच्या डिस्क चालणार नव्हत्या. होकार देणाऱ्याची लिनक्स जाणार होती. दोन्ही गोष्टी एकाच पेटीत, एकाच किमतीत घेतलेल्या होत्या; आता त्यांतली एक निवडा, असं खरेदीनंतर तीन-साडेतीन वर्षांनी सांगण्यात आलं. परत मागे जाण्याची अधिकृत वाट ठेवलेली नव्हती. सुरक्षेची चिंता खोटी होती असं कुणी म्हणणार नाही. पण तिची किंमत ज्यांच्याकडून वसूल झाली त्यांतल्या बहुतेकांनी काहीच फोडलेलं नव्हतं. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये दुसऱ्या एका गटाने कन्सोलची सुरक्षा जवळजवळ पूर्ण उलगडून दाखवली आणि लिनक्स काढून घेतली म्हणूनच आम्ही यात पडलो, असं सांगितलं. अमेरिकेतला ग्राहकांचा खटला आधी फेटाळला गेला, मग अपिलात पुन्हा उभा राहिला आणि २०१८ मध्ये तडजोडीने मिटला. माणशी भरपाईची कमाल मर्यादा होती ६५ डॉलर.

नंतरच्या घटना भराभर आल्या. सप्टेंबर २०१६ मध्ये एका कंपनीचे प्रिंटर एका ठरावीक दिवशी दुसऱ्या कंपन्यांची शाईची काडतुसं नाकारू लागले. नकाराचा कार्यक्रम काही महिने आधीच अपडेटमधून आत जाऊन बसला होता. त्याच वर्षी बॅटरी पेट घेत असल्यामुळे परत मागवलेल्या सॅमसंगच्या गॅलॅक्सी नोट ७ या फोनचं चार्जिंग आधी ६० टक्क्यांवर आणि मग थेट बंद करण्यात आलं. इथे अपडेटने बहुधा जीव वाचवले. २०१७ च्या सुरुवातीला आलेल्या एका अपडेटने झिजलेल्या बॅटरीचे आयफोन अचानक बंद पडू नयेत म्हणून त्यांचा वेग कमी केला. तांत्रिक कारण पटण्यासारखं होतं, पण ते ग्राहकांपर्यंत पोहोचलं वर्षअखेरीस, तेही बाहेरच्यांनी मोजमापं मांडल्यावर. बॅटरी बदलली की वेग परत येतो हे माहीत नसल्यामुळे नवा फोन घेतलेल्यांचं नुकसान कुठल्या हिशेबात धरायचं? फ्रान्समध्ये २०२० साली याच लपवाछपवीसाठी २.५ कोटी युरोचा दंड झाला.

याच २०१७ मध्ये अमेरिकेत सुमारे ४,६५,००० पेसमेकरसाठी, म्हणजे हृदयाचे ठोके सांभाळणाऱ्या, शरीरात बसवलेल्या यंत्रांसाठी, सुरक्षा अपडेट आलं. ते घरबसल्या ढकललं गेलं नाही. रुग्णाने डॉक्टरांकडे जायचं, धोके-फायदे ऐकायचे आणि मग ठरवायचं. काम तीनेक मिनिटांचं होतं. विचारून करणं अशक्य नसतं, हे एवढ्या नाजूक यंत्राने दाखवून दिलं.

कायद्यांचा भर अजून तरी अपडेट किती काळ मिळावं यावर जास्त आहे. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या ग्राहकोपयोगी वस्तूंना सुरक्षा अपडेट कधीपर्यंत मिळतील हे उत्पादकाला जाहीर करावं लागतं. युरोपीय संघात जून २०२५ पासून नव्या स्मार्टफोनसाठी शेवटची विक्री झाल्यानंतर किमान पाच वर्षे अपडेट द्यावे लागतात. काढून घेण्याबद्दलचं स्पष्ट कलम मात्र अनपेक्षित जागी सापडतं : युरोपीय संघाच्या टीव्ही, धुलाई यंत्रं आणि भांडी धुण्याच्या यंत्रांसाठीच्या, मार्च २०२१ पासून लागू झालेल्या ऊर्जाविषयक नियमांत. ग्राहकाने आधी स्पष्ट संमती दिल्याशिवाय अपडेटमुळे यंत्राचा वीजवापर किंवा जाहीर केलेली इतर मापं बिघडता कामा नयेत, असं ते म्हणतात. पुढचं वाक्य २०१० च्या ग्राहकांना हवं होतं तेच आहे : अपडेट नाकारलं म्हणून यंत्राच्या कामात कोणताही बदल होता कामा नये. गेम कन्सोल त्या नियमांत येत नाहीत.