मानकुरादचे कलम आणि मेडावरचा प्रश्न

गोव्यातील रोपवाटिकेत गावठी आंब्याच्या रोपावर मानकुरादची काडी बसवून प्लास्टिकच्या पट्टीने सांधा घट्ट बांधला, की काही आठवड्यांत दोन्ही एकजीव होतात. माणसाचे शरीर इतके उदार नाही. ग्लासगोत भाजलेल्या एका स्त्रीवर उपचार करताना जीवशास्त्रज्ञ पीटर मेडावर आणि शल्यचिकित्सक थॉमस गिब्सन यांना 1943 मध्ये दिसले, की दात्याची त्वचा गळून पडतेच, आणि त्याच दात्याची पुन्हा लावली तर ती आणखी लवकर गळते. मग निम्मा वारसा पित्याकडून घेतलेला गर्भ आईच्या पोटात नऊ महिने कसा टिकतो, हा प्रश्न मेडावर यांनी 1953 मध्ये मांडला.

उत्तरादाखल त्यांनी तीन शक्यता सुचवल्या: गर्भ आईपासून वेगळा राखला जातो, त्याची ओळख पटण्याइतकी वाढ झालेली नसते, किंवा आईची प्रतिकारशक्तीच सुस्तावते. तिसरी शक्यता लोकांना सर्वाधिक पटली, आणि माझ्या मते तिनेच सर्वाधिक दिशाभूल केली. आरएच ही रक्तपेशींवरची एक खूण नसलेल्या, म्हणजे आरएच निगेटिव्ह आईचे शरीर बाळाच्या आरएच पॉझिटिव्ह रक्ताविरुद्ध प्रतिपिंडे तयार करू शकते. गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) काय किंवा गावच्या आरोग्य केंद्रात काय, गरोदरपणात रक्तगट तपासतात तो त्यासाठीही. सुस्त यंत्रणेला हे जमले नसते. पहिली शक्यताही पूर्ण टिकली नाही, कारण प्रसूतीनंतर 27 वर्षांनीही आईच्या रक्तात बाळाच्या पेशी सापडल्याचे 1996 मध्ये प्रसिद्ध झाले.

खरा उलगडा वारेत, म्हणजे गर्भाला आईशी जोडणाऱ्या अवयवात झाला. तिच्या बाहेरच्या पेशी पित्याकडून आलेल्या नेहमीच्या ओळखखुणा बहुतांशी झाकून ठेवतात आणि एचएलए-जी नावाची, माणसामाणसांत फारशी न बदलणारी खूण पुढे करतात, हे 1990 मध्ये कळले. उंदरांमध्ये ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल मोडणारे एक विकर औषधाने रोखले, तेव्हा परक्या नरापासून राहिलेले गर्भ नष्ट झाले, पण आईशी जनुकीय साम्य असलेले टिकले; हा 1998 चा प्रयोग. प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या ज्या नियामक टी-पेशी शिमोन साकागुची यांनी 1995 मध्ये दाखवून दिल्या आणि ज्यांच्या शोधाला 2025 चे नोबेल मिळाले, त्यांच्याविना उंदरांत असे परके गर्भ टिकत नाहीत, हे 2004 मध्ये सिद्ध झाले.

याहून नवलाची गोष्ट म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरातील ‘नैसर्गिक मारक’ पेशी. गरोदरपणाच्या आरंभी तेथील पांढऱ्या पेशींपैकी सुमारे 70 टक्के याच असतात, पण नावाप्रमाणे मारण्याऐवजी त्या आईच्या रक्तवाहिन्या रुंद करण्याच्या कामात हातभार लावतात. हे रुंदीकरण अपुरे राहिले, तर पुढे रक्तदाब चढून प्रीएक्लॅम्प्सिया हा गरोदरपणातला गंभीर विकार होण्याचा धोका वाढतो.