मशीन खोटं बोलतंय होय?

खानापूरच्या मावशीला ताप नव्हता, पावसाळ्यात नुसता थकवा होता. शेजारणीबरोबर तिनंही तपासायला रक्त दिलं आणि टायफॉइडची विडाल टेस्ट पॉझिटिव्ह आली. फोनवर म्हणाली, "टेस्ट ९५ टक्के बरोबर असते म्हणे. म्हणजे मला ९५ टक्के टायफॉइड की! मशीन खोटं बोलतंय होय?" रिपोर्टवरचा शिक्का कन्नडमध्ये, आकडे इंग्रजीत, आणि अर्थ लावायचा मी मराठीत.

हिशेब मांडू. समजा, मावशीसारख्या ताप नसलेल्या १००० जणांत २० जणांना टायफॉइड आहे. टेस्ट आजाऱ्यांपैकी ९५ टक्के पकडते (ही संवेदनशीलता) आणि निरोग्यांपैकी ९५ टक्क्यांना निगेटिव्ह ठरवते (ही विशिष्टता). २० पैकी १९ सापडले. उरलेल्या ९८० निरोग्यांपैकी ५ टक्के, म्हणजे ४९ जण उगाच अडकले. एकूण पॉझिटिव्ह ६८, खरे १९. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या मावशीला खरंच टायफॉइड असण्याची शक्यता साधारण २८ टक्के.

तीच टेस्ट आठवडाभर तापानं फणफणलेल्या १००० जणांवर करा. त्यांत ४०० जणांना टायफॉइड असेल, तर पॉझिटिव्ह ४१० आणि त्यांतले ३८० खरे, जवळजवळ ९३ टक्के. टेस्ट तीच, रांगेत उभी असलेली माणसं बदलली. मावशीच्या रांगेत निगेटिव्ह मात्र भरवशाचं: ९३२ निगेटिव्हमध्ये निसटलेला रुग्ण एकच.

प्रत्यक्षात विडाल इतकीही पक्की नाही. फर्नां विडाल या फ्रेंच डॉक्टरनं १८९६ साली मांडलेली ही तपासणी जंतू शोधत नाही, जंतूंविरुद्ध शरीरानं तयार केलेली प्रतिपिंडं (अँटिबॉडी) शोधते. ती जुन्या आजारामुळं, लशीमुळं, कधी दुसऱ्याच तापामुळंही सापडतात. टायफॉइड नेहमीचाच असलेल्या भागात एकाच रिपोर्टवरच्या १:८० या आकड्यावरून (रक्तातला द्रव ८० पट पातळ करूनही प्रतिपिंडं दिसली, असा त्याचा अर्थ) निदान करणं धाडसाचं. रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहणं, जास्त विश्वासाचं, पण आपण आधी मेडिकलमधून गोळ्या आणून खातो, मग जंतू वाढणार कुठून?

एचआयव्हीच्या बाबतीत ही काळजी घेतली जाते. लक्षणं नसलेल्या माणसाला पॉझिटिव्ह ठरवण्याआधी आपल्याकडे तीन वेगवेगळ्या टेस्ट जुळाव्या लागतात. वेगवेगळ्या अशासाठी, की एकच टेस्ट तीनदा केली तर तीच चूक तीनदा होऊ शकते.

मावशीला बेळगावच्या डॉक्टरांनी आधी विचारलं, "ताप किती दिवस?" ती म्हणाली, "नाहीच की." मग हिमोग्लोबिन तपासलं. ८ निघालं.