हिरडी भरली, हाड भरलं का?

एपिको करून, म्हणजे दाताच्या मुळाचं टोक कापून, आठ दिवस झाले आणि हिरडी गुलाबी दिसू लागली की पेशंट घरी सांगतो, "जखम भरली." तीन महिन्यांनी एक्स-रेत मुळाखाली काळं दिसलं की तोच हादरून विचारतो, "ऑपरेशन फसलं का?" दोन्ही वेळा गफलत एकच. हिरडीचं भरणं वेगळं, हाडाचं वेगळं.

हिरडीचं सगळ्यांना माहीत असतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज सर्वांत जास्त, आठवड्याच्या आत टाके निघतात, तंबाखू-सिगारेट बंद, मधुमेह असेल तर साखर ताब्यात. एकच विनवणी: ओठ उचलून आरशात टाके बघू नका. त्यानेच ते ओढले जातात.

हाडाचं गणित मात्र बहुतेकांचं चुकतं. मुळाच्या टोकाशी दिसणारी पोकळी हा मूळ आजार नाही. जंतू दाताच्या आत, मुळाच्या नळीत असतात. त्यांचा निचरा बाहेर होत राहतो म्हणून शरीर तिथलं हाड मागे घेतं. पोकळी कितीही स्वच्छ खरवडली आणि नळीचं तोंड गळतं राहिलं, तर ती पुन्हा होणार. तोंड नीट बंद झालं, तर हाड आपणहून भरत येतं. म्हणून दूध, नाचणी, कॅल्शियमच्या गोळ्या यांवर घरोघरी चालणारी चर्चा मला खरंच खटकते. खा, चांगलंच आहे. पण गळकं मूळ त्याने बंद होत नाही. अँटिबायोटिकचंही तेच. मेलेल्या नसेच्या नळीत रक्तच पोचत नाही, तर औषध कुठून पोचणार?

मग हाड कशावर भरतं? मुख्यतः टोक कसं कापलं आणि कसं बुजवलं यावर. साधारण 3 मिमी टोक कापतात, कारण नळीचे बहुतेक बारीक फाटे तिथेच असतात. पूर्वी तिरका काप घेऊन चांदी-पाऱ्याचं मिश्रण भरत. आता मायक्रोस्कोपखाली जवळजवळ सरळ काप घेतात, अल्ट्रासॉनिक उपकरणाच्या बारीक टोकाने मुळात आणखी 3 मिमी आत जागा करतात आणि तिथे एमटीएसारखं हाडाला मानवणारं सिमेंट भरतात. 2010 मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा जुन्या पद्धतीचं यश 59 टक्के आणि नव्या पद्धतीचं 94 टक्के निघालं. हाड तेच, माणसंही आपल्यासारखीच; फरक टोकाच्या कामाचा. म्हणून मायक्रोस्कोप नसेल तिथे एपिको करून घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट हिरडीच्या बाजूने खचलेल्या हाडाची. पायोरियाची खोल फट मुळाच्या टोकापर्यंत पोचली असेल तर यश घटतं. कोरियातल्या 2008 च्या एका अभ्यासात फक्त टोकाशी दोष असलेल्या दातांत ते 95.2 टक्के होतं, असा जोडदोष असलेल्यांत 77.5. मूळच उभं चिरलेलं असेल तर शस्त्रक्रियेचा उपयोग नाही. आणि वरची कॅप गळत असेल तर खाली केलेलं सगळं काम धोक्यात येतं.

आता त्या काळ्या डागाकडे. तीन महिन्यांत हाड पूर्ण भरलेलं दिसावं ही अपेक्षाच चूक. पहिला निवाडा वर्षाने करतात, शंका राहिली तर चार वर्षांपर्यंत वाट पाहतात. पोकळी मोठी असली आणि ओठाकडचं व टाळूकडचं दोन्ही हाड गेलेलं असलं, तर हाडाआधी तंतुमय ऊती आत शिरते आणि तिथे कायमचा व्रण राहतो. वरच्या पटाशीच्या दातांपैकी बाजूच्या दातापाशी हे अनेकदा दिसतं. एक्स-रेत हा व्रणही काळाच दिसतो! पण तो आधीच्या पोकळीपेक्षा लहान असतो, कडा ठळक असते, बरेचदा मुळापासून थोडा बाजूला असतो. दात दुखत नाही, पू येत नाही. असे दात निव्वळ डागापायी काढून टाकलेले मी पाहिले आहेत, आणि प्रत्येक वेळी वाईट वाटलं आहे. एका एक्स-रेवर हा निर्णय होत नाही. शस्त्रक्रियेच्या दिवशीचा एक्स-रे जपून ठेवा आणि दर तपासणीला सोबत न्या. डाग आक्रसतोय की वाढतोय, हे शेजारी ठेवल्यावरच कळतं.