झाडीपट्टी

महाराष्ट्राच्या पूर्व टोकाचा, वैनगंगेच्या खोऱ्यातील तलाव, धानशेती व जंगल यांचा प्रदेश. भंडारा व गोंदिया हे जिल्हे आणि चंद्रपूर व गडचिरोली यांचा वैनगंगेलगतचा भाग यात सामान्यतः धरतात. ही हद्द कोणत्याही महसुली कागदात नाही. ती बोली, पीक आणि नाटक यांवरून ओळखायची असल्याने अभ्यासकांगणिक थोडी सरकते. ‘झाडी’ म्हणजे अरण्य. यादवकालीन लेखनातील ‘झाडीमंडळ’ हा उल्लेख याच भूभागाचा असावा.

तलाव : प्रवाशाला निसर्गनिर्मित वाटणारी इथली बहुतेक सरोवरे माणसांनी बांधलेली आहेत. दोन टेकड्यांमधली खिंड हेरून मातीची पाळ घालायची, वरच्या अंगाला जंगलाचे पाणी अडवायचे आणि खालच्या अंगाला धानाच्या बांध्या भिजवायच्या, अशी ही रचना. लहान साठ्याला बोडी म्हणतात. पाणी सोडण्याच्या जागेला ‘तुडूम’ असे नाव आहे; जुन्या तुडुमाला एकाखाली एक भोके असत आणि पातळी उतरेल तसे वरून खाली एकेक बूच काढले जाई. पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांहून अधिक तलाव नोंदलेले आहेत. सरकारी भाषेत त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात. हा ‘माजी मालगुजारी’चा (मालगुजार म्हणजे सारा गोळा करणारा गावचा जमीनदार) संक्षेप आहे, नात्यातल्या मामाचा त्याच्याशी संबंध नाही.

हे तलाव प्रामुख्याने कोहळी समाजाने बांधले, याविषयी फारसे दुमत नाही. वाद आहे तो कोहळी मूळचे कुठले, याबद्दल. चांद्याचा (आताचे चंद्रपूर) एक गोंड राजा काशीला गेला असता तेथून त्याने तलाव बांधणारे लोक सोबत आणले, ही समाजातील परंपरा. भंडाऱ्याकडील कोहळी पहिली वस्ती लांजी (आता बालाघाट जिल्हा) येथे झाल्याचे सांगत. मध्य प्रांतातील जातिजमातींचे अभ्यासक रसेल व हिरालाल यांनी १९१६ मध्ये ही परंपरा नोंदवली, उत्तर भारतातील कोईरी या बागायतदार जातीच्या नावाशी असलेले साम्यही दाखवले. पण भाषा, चालीरीती व कुळनावे पाहता कोहळी पूर्णतः मराठी मुलखातले आणि कुणब्यांना जवळचे दिसतात, असे मत दिले. हे मत अधिक ग्राह्य वाटते. निव्वळ नामसाम्य हा दुबळा पुरावा आहे आणि काशीहून आल्याची कथा अनेक जाती सांगतात. गोंड राजांच्या आश्रयाचा भाग मात्र कथेपुरता नसावा. तलाव बांधणाऱ्याला त्याखालची जमीन सवलतीने देण्याची ‘तुकूम’ ही पद्धत चांदा मुलखात होती. चंद्रपूर शहरातील एका वस्तीचे नाव आजही तुकूम आहे.

सर्वांत प्रसिद्ध तलाव नवेगावबांध (जि. गोंदिया). तो कोलू पाटील कोहळी याने अठराव्या शतकाच्या आरंभी बांधला असे सांगतात; हा काळ अर्थातच परंपरेवर आधारलेला आहे. कोलू पाटलाचा पुढे ‘कोलासूर’ हा देव झाला. भोवतालच्या ‘सात बहिणी’ नावाच्या टेकड्यांपैकी एकीवर त्याचे ठाणे आहे. येथील राष्ट्रीय उद्यान १९७५ चे असून २०१३ मध्ये ते नवेगाव–नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आले.

हा भाग तेव्हा मध्य प्रदेशात होता; त्या राज्याच्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली व तलाव सरकारजमा झाले. पाळ आणि नहर राखण्याची जबाबदारी असलेला गावातला धनी गेला, त्या जागी खाते आले. गाळ साचला, काठावर बेशरम ही रानटी वनस्पती फोफावली. मासेमारी व शिंगाड्यावर जगणाऱ्या ढिवर समाजाला याची झळ अधिक बसली.

लोक : गोंड, हलबा, कोहळी, पोवार, ढिवर आदी समाज येथे राहतात. सालेकसा तालुक्यातील कचारगडच्या गुहेत माघ पौर्णिमेला कोया पुनेम हा गोंडी धर्म मानणाऱ्या गोंडांची मोठी यात्रा भरते. जवळचे रेल्वे स्थानक दरेकसा. प्रतापगडला महाशिवरात्रीला महादेवाच्या यात्रेला जाणारे लोक दर्ग्यावरही माथा टेकतात. त्याच परिसरात गोठणगावजवळ नॉर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत १९७२ पासून आहे. दक्षिणेकडे तलाव विरळ आणि जंगल दाट होत जाते. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले.

प्रवास : गोंदिया–बल्लारशा लोहमार्ग हा या प्रदेशाचा कणा असून अर्जुनी, वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड ही गावे त्याच्यावर आहेत. रोवणीच्या (धानलावणीच्या) दिवसांत बांध्या पाण्याने भरलेल्या असतात, पाहुण्याकडे बघायला गावात कुणी मोकळे नसते. धान घरात आल्यावर, दिवाळीनंतर, चित्र पालटते. ज्या गावी शंकरपट (बैलांची शर्यत) किंवा मंडई (गावची जत्रा), त्या गावी रात्री नाटक. वडसा (देसाईगंज) येथे नाटक कंपन्यांची कार्यालये आहेत, गावकरी तिथे येऊन प्रयोग ठरवतात. नाटक रात्री उशिरा सुरू होते आणि पहाटेपर्यंत चालते. त्या रात्री घरोघरी पाहुणे असतात, लग्नाची बोलणीही त्यातच उरकली जातात.